शैक्षणिक समुपदेशनात पदव्युत्तर पदवी: दोन वर्षांत नेमकं काय शिकायचं असतं

‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मुलांना चार समजुतीच्या गोष्टी सांगता येतात, लोक आपल्यापाशी मन मोकळं करतात, म्हणजे हे क्षेत्र आपल्याला जमेल, अशा हिशेबाने अनेकजण या अभ्यासक्रमाकडे वळतात. पहिल्याच सेमिस्टरला त्यांच्या लक्षात येतं की इथे सगळ्यांत आधी मोडावी लागते ती उपदेशाचीच सवय. म्हणून प्रवेशाआधीच माहीत असलेलं बरं, की या पदवीत काय शिकवतात, वेळ कशात जातो आणि गाडी कुठे अडते.

शैक्षणिक समुपदेशकाचं काम ढोबळमानाने तीन गोष्टींभोवती फिरतं: अभ्यास, पुढच्या शिक्षणाची आणि व्यवसायाची निवड, आणि विद्यार्थ्याचं भावनिक-सामाजिक जगणं. प्रत्यक्षात ही तिन्ही एकमेकांत गुंतूनच समोर येतात. ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ असं सांगणाऱ्या मुलाला मुळात वाचनाचीच अडचण असू शकते, नको असलेली शाखा गळ्यात पडलेली असू शकते, किंवा घरात रोज रात्री भांडणं होत असतील. तक्रार एकच, वाटा तीन. मानसिक आजाराचं निदान आणि उपचार हे मात्र चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांचं काम आहे. समुपदेशकाला लक्षणं ओळखता आली पाहिजेत आणि वेळेत योग्य ठिकाणी पाठवता आलं पाहिजे. ज्यांना उपचारच करायचे आहेत त्यांनी या पदवीला वळणावरचा रस्ता समजू नये, कारण पुढे तिथून तिकडे जाता येईलच असं नाही.

थोडा इतिहास, कारण अभ्यासक्रमाची रचना त्यातूनच आली आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनला तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. त्यांची मांडणी सरळ होती: आधी स्वतःला ओळखा, मग कामांच्या जगाची माहिती घ्या, शेवटी दोन्हींची विचारपूर्वक सांगड घाला. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि हादरलेल्या अमेरिकेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. हुशार मुलं हेरून विज्ञानाकडे वळवायची, म्हणून शालेय समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला. संरक्षणाच्या नावाने समुपदेशक तयार व्हावेत, हीही एक गंमतच. त्याच सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स सांगत होते की बदल घडतो तो तज्ज्ञाच्या सल्ल्याने नव्हे, तर समजून घेणाऱ्या, मनापासून स्वीकारणाऱ्या आणि मुखवटा न घालणाऱ्या माणसाच्या सहवासात. चाचण्या आणि माहिती देणारा प्रवाह एकीकडे, ऐकून घेणारा प्रवाह दुसरीकडे. आजच्या पदवीत दोन्ही आहेत आणि त्यांची ओढाताण विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून जाणवते.

ऐकण्याची तालीम

विषयांची यादी बहुतेक विद्यापीठांत सारखीच दिसते: समुपदेशनाचे सिद्धान्त, बाल आणि किशोर विकास, गट समुपदेशन, व्यवसाय मार्गदर्शन, मापन आणि मूल्यमापन, संशोधन पद्धती, व्यावसायिक नीती, सामाजिक-सांस्कृतिक विविधता. सिद्धान्त वाचून होतात. कस लागतो तो कौशल्यांच्या तासाला.

इथे संवादाचे अगदी बारीक तुकडे करून एकेकाचा सराव घेतात. अ‍ॅलन आयव्ही आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रुजवली. एका आठवड्यात फक्त खुले प्रश्न, पुढच्या आठवड्यात फक्त आशय आपल्या शब्दांत परत मांडणं, त्यानंतर भावना ओळखून बोलून दाखवणं, मग सारांश, आणि मग गप्प बसणं. होय, गप्प बसण्याचाही सराव असतो. नवशिक्याला चार सेकंदांची शांतताही असह्य होते आणि तो ती कुठल्या तरी प्रश्नाने बुजवतो. नेमकं त्याच क्षणी समोरचं मूल काही महत्त्वाचं बोलण्याच्या बेतात असतं.

समजा, मुलगा म्हणाला, “गणिताच्या तासाला जावंसंच वाटत नाही.” यावर तीन उत्तरं सहज सुचतात. “अरे, असं करून कसं चालेल?” हा उपदेश झाला आणि विषय संपला. “का वाटत नाही?” हे विचारपूस वाटलं, तरी ‘का’ ऐकलं की मूल स्वतःचा बचाव करायला लागतं. घरी-शाळेत ‘का’ हा शब्द त्याने बहुधा रागावतानाच ऐकलेला असतो. तिसरं उत्तर: “त्या तासाचा विचार आला तरी नको होतं.” यात प्रश्न नाही, सल्ला नाही, फक्त त्याच्याच म्हणण्याची पावती आहे. बहुतेक वेळा पुढचं वाक्य इथेच येतं: “सर फळ्यापाशी बोलावतात आणि मग सगळे हसतात.” आता अडचण गणिताची राहिली नाही.

हे वाचायला सोपं आहे. करायला किती अवघड, ते कळतं स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकताना. सराव-सत्र मुद्रित करायचं, त्यातली १०-१५ मिनिटं शब्दशः लिहून काढायची, आणि आपल्या प्रत्येक वाक्यासमोर तीन रकाने भरायचे: हे कोणतं कौशल्य होतं, त्याचा परिणाम काय झाला, त्याऐवजी काय म्हणता आलं असतं. दहा मिनिटांच्या संवादाला हे सगळं धरून तासाच्या वर वेळ जातो. पहिल्या काही नोंदींत हमखास सापडणाऱ्या चुका म्हणजे एकाच दमात दोन-तीन प्रश्न, ‘समजू शकतो’ची पालुपदं आणि पाचव्या मिनिटालाच उपाय.

याच टप्प्यावर वेगवेगळ्या विचारधारांची तंत्रंही येतात. उत्तराभिमुख पद्धतीत (समस्या खोदण्यापेक्षा मार्ग शोधण्यावर भर देणाऱ्या) ० ते १० ची मोजपट्टी वापरतात. “आज कितीवर आहेस?” मूल म्हणतं, “तीनवर.” नवशिका लगेच विचारतो, चारवर जायला काय करशील? मुरलेला समुपदेशक आधी विचारतो, “दोनवर का नाही?” या एका प्रश्नाने मूल स्वतःच आपल्या जमेच्या बाजू मोजायला लागतं. (‘का’ इथे चालतो, कारण तो चुकीबद्दल जाब विचारत नाही.) असं तंत्र परीक्षेत लिहिता येणं वेगळं आणि रडणाऱ्या मुलासमोर योग्य क्षणी आठवणं वेगळं.

आकड्यांचा विषय

मापनाच्या पेपरला विद्यार्थी घाबरतात आणि संख्याशास्त्राला तर त्याहून. पण याच विषयातली चूक सर्वांत महागात पडते, कारण चाचणीचा आकडा घरी जातो, लक्षात राहतो आणि मुलाला चिकटतो.

निदान एवढं पक्कं हवं. बऱ्याच बुद्धिमापन चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप) १५ असतं. म्हणजे सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. आता एखाद्या चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तरी गुण किती सारखे येतात, याचं ० ते १ मधलं माप) ०.९० आहे असं धरू, म्हणजे चांगलीच म्हणायची. तरी मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे मिळालेला गुण खऱ्या गुणापासून साधारण किती ढळू शकतो ते, १५ गुणिले ०.१० चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ४.७ येते. तिच्या जवळजवळ दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरलं तर १०० गुण मिळवणाऱ्या मुलाचा खरा गुण ९५ टक्के खात्रीने सांगायचा तर ‘९१ ते १०९ च्या आसपास’ असाच सांगावा लागतो. मग ९८ आणि १०३ मिळवलेल्या दोन भावंडांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही. हे पालकांना सोप्या शब्दांत सांगता येणं हीच खरी परीक्षा.

दुसरा घोळ शतमकाचा. ‘६० वं शतमक’ याचा अर्थ १०० पैकी ६० गुण असा नाही. त्याच वयोगटातल्या साधारण ६० टक्के मुलांपेक्षा कामगिरी वरची, असा आहे. पालक पहिलाच अर्थ घेतात आणि उगाच नाराज होतात. तिसरी गोष्ट, अभिरुची आणि अभिक्षमता वेगळ्या. काय आवडतं हे अभिरुची चाचणी सांगते, काय जमण्याची शक्यता आहे हे अभिक्षमता चाचणी. जॉन हॉलंड यांची सहा व्यक्तिमत्त्व प्रकारांची मांडणी (वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी, पारंपरिक) व्यवसाय मार्गदर्शनात सगळीकडे भेटते. ती आवडीनिवडींचा नकाशा देते, नोकरीची चिठ्ठी फाडून देत नाही. शिवाय चाचणीचे मानदंड (ज्यांच्याशी गुणांची तुलना होते ते आकडे) कोणत्या मुलांवर, कोणत्या भाषेत आणि कधी बसवले हे न बघता ती वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवणं.

गुपित किती राखायचं

नीतीच्या तासाला सगळ्यांत जास्त वाद रंगतात आणि ते रंगायलाच हवेत. मुलाने सांगितलेलं गुपित राहील, पण काही मर्यादांत: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलाचा छळ किंवा लैंगिक अत्याचार, आणि न्यायालयाचा आदेश. कोणत्या प्रसंगी कोणाला कळवायचं हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टॅरासॉफ खटल्यात, धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी पावलं उचलण्याची जबाबदारी उपचारकावर टाकली. तेव्हापासून हा निकाल जगभरच्या वर्गांत चर्चेला येतो.

कामाची गोष्ट अशी, की या मर्यादा पहिल्याच भेटीत, मूल काही बोलायच्या आधी सांगायच्या. मूल बोलून बसल्यावर “हे मला सांगावं लागेल” म्हटलं तर ते फसवणूकच मानतं, आणि त्याचं चूक नसतं. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी.

आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट, स्पष्ट शब्दांत विचारायला शिकवतात. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. आडवळणाने विचारलं तर मात्र उत्तरही आडवळणानेच येतं. विचार आहे का, योजना आहे का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झाला होता का, कोणाचा आधार आहे, हे क्रमाने पाहायचं, मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायचं. प्रशिक्षणार्थीने असा निर्णय एकट्याने घ्यायचाच नसतो.

शिक्षक असताना समुपदेशकही होणाऱ्यांची अडचण वेगळी. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्याकडे मूल मोकळं कसं होणार? या दुहेरी नात्यातून बाहेर कसं पडायचं, निदान रेषा कुठे आखायची, हे पदवीतच सुटलं पाहिजे.

खरा कस: प्रात्यक्षिक आणि सुपरव्हिजन

दोन अभ्यासक्रमांची तुलना करायची तर माहितीपत्रकातल्या विषयांच्या नावांकडे बघू नये. प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसोबत किती तास आणि त्यावर देखरेख, म्हणजे सुपरव्हिजन, कोणाची, हे विचारावं. पुस्तकं घरी बसूनही वाचता येतात. आपल्या कामाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारा अनुभवी माणूस मात्र घरी मिळत नाही.

मोजमाप म्हणून समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या सीएसीआरईपी या संस्थेचे निकष उपयोगी पडतात. त्यांत पदवी किमान ६० क्रेडिटची, सुरुवातीचं प्रात्यक्षिक १०० तासांचं (त्यांतले ४० थेट समुपदेशनाचे) आणि नंतरची इंटर्नशिप ६०० तासांची (त्यांतले २४० थेट) आहे. शिवाय दर आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा तिघांचं (एक सुपरव्हायजर, दोन विद्यार्थी) सुपरव्हिजन आणि दीड तास गटाचं. दुसऱ्या देशात आकडे वेगळे असतील, पण आपल्या हातातला अभ्यासक्रम या मोजपट्टीशी लावून बघायला हरकत नाही. इंटर्नशिपच १०० तासांत आटपत असेल तर कारण विचारा.

आता हे तास आठवड्यात बसवून पाहू. ६०० तास ३० आठवड्यांत म्हणजे आठवड्याला २० तास, त्यांत थेट भेटी ८ तास. कागदावर सोपं वाटतं. पण शाळेच्या परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन वजा केलं की ३० चे २२ आठवडे उरतात. मग थेट भेटी ११ तासांवर जातात. त्यात मुलं गैरहजर राहतात, शिक्षक तास सोडू देत नाहीत, पालकांची संमतीपत्रं तीन आठवड्यांनी येतात. वर्ष संपत आलं तरी एकूण तास भरलेले आणि थेट तास अपुरे, हे सर्वांत नेहमीचं दुखणं. उपाय जुनाच आहे: संमतीपत्रं पहिल्याच आठवड्यात पाठवायची, तासांची वही रोज लिहून दर आठवड्याला सही घ्यायची, आणि गटाची सत्रं लवकर सुरू करायची, कारण तीही थेट तासांत धरली जातात.

पूर्ण वेळ नोकरी करून हे जमतं का? पहिलं वर्ष जमतं. इंटर्नशिपचं वर्ष बहुधा नाही, कारण शाळा आणि नोकरी दिवसाच्या त्याच वेळेत भरतात. अर्धवेळ करणाऱ्यांनी तीन-चार वर्षांची तयारी ठेवावी आणि रजा त्या एका वर्षासाठी राखून ठेवावी. ऑनलाइन अभ्यासक्रमातही प्रात्यक्षिक प्रत्यक्ष जागेवर जाऊनच करावं लागतं. जागा शोधायची जबाबदारी विद्यापीठाची की विद्यार्थ्याची, हे आधी लेखी विचारून घ्यावं. इथे फसलेले विद्यार्थी एक-एक सेमिस्टर मागे पडतात.

आणखी एक ठरलेला घोळ. शाळेला इंटर्न म्हणजे फुकटचा हात वाटतो. बदली तास, हजेरी, परीक्षेची देखरेख असं काम हळूच अंगावर येतं. म्हणून रुजू होतानाच विद्यापीठ, शाळा आणि विद्यार्थी यांचा लेखी करार हवा. भेटीसाठी बंद दाराची खोली, नोंदी ठेवायला कुलपाचं कपाट, मुद्रणाची परवानगी, शाळेतला मार्गदर्शक कोण आणि संकटात कोणाला फोन करायचा, एवढं त्यात आलंच पाहिजे.

सुपरव्हिजनला जाताना ‘सगळं छान चाललंय’ अशी केस नेणारे विद्यार्थी फारसं शिकत नाहीत. जिथे आपण गोंधळलो, चिडलो किंवा मुलाला टाळावंसं वाटलं, तो मुद्रित तुकडा न्यावा आणि एकच नेमका प्रश्न विचारावा. भेटीच्या नोंदी त्याच दिवशी लिहाव्यात: मुलाने काय सांगितलं, आपल्याला काय दिसलं, आपला अंदाज काय, पुढे काय ठरलं. निरीक्षण आणि अंदाज यांची सरमिसळ करू नये. ‘दोनदा घड्याळाकडे पाहिलं, उत्तरं एका शब्दात’ ही नोंद. ‘उद्धट आहे’ हा शेरा.

गटाचं कौशल्यही इथेच पक्कं होतं आणि ते जोडीला लागतंच. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशनची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एका समुपदेशकाची आहे. म्हणजे प्रत्येकाला वर्षातून एकदाच अर्धा तास द्यायचा तरी १२५ तास गेले. शाळेत गट साधारण सहा ते आठ मुलांचा ठेवतात, विषय आणि सत्रांची संख्या आधी ठरवतात. प्रत्येकाला आधी एकट्याने भेटून मगच गटात घ्यायचं. ही पायरी गाळली की एकमेकांना छळणारी दोन मुलं शेजारी येऊन बसतात आणि गट दुसऱ्या सत्रातच मोडतो.

प्रबंध आणि प्रवेश

प्रबंधाचा विषय छोटा आणि हाताशी असलेला घ्यावा. ‘किशोरांमधील ताणतणाव’ हा विषय नव्हे, आख्खं ग्रंथालय आहे. ‘सहा सत्रांच्या गटानंतर नववीतल्या मुलांची परीक्षेची चिंता किती बदलते’ हा विषय. तुलनेसाठी दुसरा गट मात्र हवाच. चिंता सर्वांत जास्त असताना निवडलेली मुलं काहीही न करता थोडी सावरतातच, आणि तुलना नसेल तर त्याचं श्रेय आपल्या सत्रांना जातं. लहान मुलांवरच्या अभ्यासाला पालकांची संमती, मुलाची स्वतःची होकारार्थी मान्यता आणि नीती समितीची परवानगी लागते. त्यात सहज दोन-तीन महिने जातात, म्हणून अर्ज तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच करावा.

प्रवेशासाठी मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्याची पदवी सोयीची पडते. इतरांना काही विद्यापीठं पूरक विषय करायला लावतात, बहुधा संख्याशास्त्र आणि विकास मानसशास्त्र. उद्देशपत्रात ‘लोकांना मदत करायला आवडतं’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं, म्हणून त्याने काहीच सिद्ध होत नाही. मुलांबरोबर केलेलं एखादं ठोस काम, त्यात काय जमलं नाही आणि त्यावरून काय शिकायचं आहे हे लिहावं. मुलाखतीत गटचर्चा असेल तर जास्त कोण बोलतं यापेक्षा कोण ऐकतं, हेच पाहिलं जातं. स्वतःच्या ताज्या जखमेवर उपाय म्हणून कोणी इथे येऊ पाहत असेल तर आधी स्वतः समुपदेशन घ्यावं. त्यात कमीपणा नाही, अनेक अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना तसं सुचवतात.

पदवी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी. अनेक ठिकाणी पदवीनंतर नोंदणी, परीक्षा किंवा देखरेखीखालचं काम बाकी राहतं आणि त्यासाठी विशिष्ट विषय किंवा तास मागतात. जिथे काम करायचं आहे तिथल्या नियामक संस्थेची अट आधी काढावी आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम ओळीने तिच्याशी ताडून पाहावा. विद्यापीठाच्या दारातल्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून इतकंच विचारावं: मागच्या महिन्यात तुमचं सुपरव्हिजन किती वेळा झालं, आणि सुपरव्हायजरने तुमचं मुद्रण खरंच ऐकलं होतं का?